चौदा पावलांचं घर

३ मार्च
राख उचलायला आलेल्या शहाण्यांनी जोतंही खरवडून नेलं! वणव्याने तरी तेवढं सोडलं होतं. उरली एक पुढची पायरी. तिच्यावर बसून डबा खाल्ला. मुद्दाम.

४ मार्च
मुलाचा फोन. "आई, जंगलाच्या कडेला पुन्हा घर? आमच्याकडे राहा ना. तुला आता एकटीला झेपणार नाही." म्हटलं, मला झेपतं, तुला बघवत नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचं ऐकून घेतलं. आता बास!

घर होतं तसंच होणार. इंचभरही इकडेतिकडे नाही.

७ मार्च
जुना नकाशा कपाटाबरोबर जळाला. इंजिनिअर म्हणतो, "नवीन काढू, छान मॉडर्न." नको! नकाशा माझ्या पायांत आहे. वीज गेली की मी घरभर अंधारात फिरायचे — पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चौदा पावलं, बरोब्बर. ह्यांना कंदील लागायचा. "घुबड आहेस," म्हणायचे.

११ मार्च
आखणी झाली. पायरीपासून मी चालले, मागून गवंडी फक्कीची रेघ मारत आला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, पट्टीशिवाय रेघ मारायची नाही. आज पट्टी मीच.

गवंडी पुटपुटला, "आजी, जरा लहान वाटतंय."
"भिंती नसल्या की सगळंच लहान दिसतं. माझं घर मला शिकवू नकोस."

१२ मार्च
धाकटी बहीण येऊन गेली. रेघांच्या आत उभी राहून म्हणते, "ताई, इथे तुझं जेवणाचं टेबल मावायचं नाही गं." टेबल जळालं, हिच्या जिभेला मात्र धग लागली नाही.

१६ मार्च
मागच्या बाजूला सांडपाण्याचा चर खणताना गवंड्याने हाक मारली. आमच्या पायाचा कोपऱ्याचा दगड! सासऱ्यांनी कोरलेलं साल तसंच. पण माझ्या रेघेच्या साडेतीन फूट पलीकडे.

आधी त्याच्यावरच ओरडले — रेघ चुकीच्या जागी मारलीस! त्याने वाद घातला नाही. "आजी, पुन्हा चाला बरं."

चालले. त्याने प्रत्येक पावलाला टेप लावली. सव्वा फूट. सव्वा फूट. सव्वा फूट. दगडापर्यंत चौदा पावलांत पोचायचं तर पाऊल दीड फुटाचं हवं. तसंच होतं माझं. कधी आखूड झालं? कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

गवंड्याला बजावलं — माझ्या मुलाला कळता कामा नये. लगेच म्हणेल, "बघ, मी म्हणत होतो."

१७ मार्च
मुलाला मीच फोन करून सांगितलं.

गवंडी विचारत होता, "रेघ सरकवू?" नको. दगड बुजव. घर होतं तसं होणार नाही. मी आज चालते तेवढं होईल — आणि मीच राहीन त्यात.

दुपारी पाया भरायला घेतला.