शेवटच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

२ एप्रिल
आलो एकदाचे! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण स्वयंपाकघरात स्वतःचा नळ आहे. हिने आल्या आल्या तो सोडून पाहिला आणि लेकीचे पाय धुतले. लेक अजून धडपडत चालते, पण नळापाशी मात्र बरोबर पोचते. गावाला पाणी सोडायचं काम आजपासून माझं. निवृत्त झालेल्या काकांनी कमरेएवढी लोखंडी चावी हातात दिली आणि सगळे व्हॉल्व्ह फिरून दाखवले. शेवटच्या गल्लीचा कधी गच्च बंद करू नकोस, एक फेरा ढिला ठेव, असं बजावलं. कारण विचारलं तर म्हणाले, मलाही कोणी सांगितलं नव्हतं. हिला हे सांगितलं आणि दोघं पोटभर हसलो.

१४ एप्रिल
ऊन नुसतं भाजून काढतंय. टाकी अर्धीही भरत नाही. त्या ढिल्या फेऱ्यातून दिवसभर पाणी फुकट जातं, म्हणून आता व्हॉल्व्ह गच्च बंद करतो. वाचलेल्या पाण्यात शेवटच्या गल्लीला संध्याकाळचीही पाळी देता येते. तिथल्या शिवणकामवाल्या ताई भर रस्त्यात म्हणाल्या की असा पाणीवाला आजवर पाहिला नाही. साहेबांनीही पाठ थोपटली. दिवसभर हवेत होतो, खोटं कशाला बोलू.

२३ एप्रिल
शेवटच्या गल्लीत लहान मुलांना जुलाब लागलेत. ताईंचा धाकटाही आडवा झालाय. नर्सबाई घरोघर मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवतायत. त्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात मुलांची पोटं बिघडतातच, अन्न नासतं, माश्या वाढतात. उन्हाचं कारण सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.
व्हॉल्व्ह बंद केला की हल्ली पाइपातून आवाज येतो. चावीला कान लावला, तर कोणीतरी चोखतंय असं वाटलं. हवा असेल.

३० एप्रिल
काल अवकाळी सर आली. गटार तुडुंब भरलं. आज मी व्हॉल्व्ह बंद केला, आणि पाइप गटारातून जातो तिथल्या सैल जोडापाशी पाण्याला भोवरा पडला. काकांच्या ढिल्या फेऱ्याने पाइप कायम भरलेला राहायचा; आता रिकामा पाइप गटार पीत होता. म्हणजे इतके दिवस, दोन्ही पाळ्यांना, तेच पाणी मी गल्लीला पाजत होतो.
साहेबांकडे सांगायला गेलो. ते कोणाला तरी माझंच कौतुक सांगत होते. चहा पिऊन परत आलो.
घरी हिला म्हणालो, ऊन बाधतंय, लेकीचं पाणी उकळून देत जा. गल्लीत कोणाला बोललो नाही.

४ मे
ताईंचा धाकटा गेला. पाऊस पडला की हे वाढतंच, असं नर्सबाई म्हणाल्या.
ताईंनी मला पाहून डोळे पुसले. “भाऊ, शेवटी नुसतं पाणी पाणी करत होता. तुम्ही संध्याकाळचं सोडलंत, म्हणून घोटभर तरी पाजता आलं.”
मी मान हलवली. नुसती मान हलवली मी.

५ मे
व्हॉल्व्ह एक फेरा ढिला केला. संध्याकाळची पाळी बंद. लोक चिडलेत, चिडू देत. पण आवाज थांबत नाही. पाइप भरलेला असूनही चोखतंय. दमून थांबतं, मग पुन्हा — एवढ्याशा तोंडाने प्यावं तसं —

७ मे
आता घरातला नळही. बोट लावून पाहिलं तर आत ओढलं. सोडवलं तेव्हा टोक सुरकुतलेलं, कोरडंठाक. हिला सांगावं — पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल —

९ मे
लेकीचे डोळे खोल गेलेत. रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. जुलाब नाही, उलटी नाही. उकळलेलंच पिते ती. मग हे पाणी जातंय कुठे —
आज हिला सांगणारच. आधी इथे लिहून ठेवतो, म्हणजे माघार घेता येणार नाही. माझ्यामुळे झालं. उन्हामुळे नाही, पावसामुळे नाही. मला माहीत होतं आणि मी —
ही स्वयंपाकघरातून हाक मारतेय. लेक नळाला तोंड लावून बसलीये, ओढली तरी निघत नाही म्हणतेय —
तोच आवाज —
ही ओरडून विचारतेय, नळ कोरडा आहे हो, मग पितंय कोण, कोण पि—