डावीकडे ओढणारी गाडी

प्रिय अहो,

खाली नाश्त्याच्या टेबलावर तुम्ही क्लबच्या मंडळींना कालच्या चढणीवर गाडी कशी एका दमात चढवली ते रंगवून सांगताय. वरच्या खोलीत मला शब्द न् शब्द ऐकू येतोय. तासाभरात सगळ्या जुन्या गाड्या घाटाला लागतील. त्या घाटात तुम्ही गाडी घालायची नाही, हे मी पाच दिवसांत चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा तुम्ही ‘बघू’ म्हणालात. तुमचं ‘बघू’ म्हणजे ‘गप बस’, एवढं सदतीस वर्षांच्या संसारात मला कळतं. तोंडाने सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून लिहितेय. निदान लिहिताना तुम्ही मध्येच रेडिएटरचा विषय काढणार नाही.

पाच दिवस, अकराशे किलोमीटर, मी तुमच्या गाडीची पाठ बघतेय. लोक पुढून बघतात. त्यांना चकचकीत दिवे दिसतात, मरून रंग दिसतो, टोपी घालून राजासारखे हात हलवणारे तुम्ही दिसता. मागच्या व्हॅनमध्ये दोन टायर, तेलाचे डबे, पाण्याचे कॅन, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि आपला मिस्त्री असं सगळं बिऱ्हाड घेऊन मी ताशी चाळीसने रांगतेय. तुमचा धूर नाकातोंडात जाऊन आवाज बसलाय माझा. आणि क्लबच्या अध्यक्षांची बायको मला म्हणते, तुमची काय मज्जा आहे बाई, फुकटची सहल! सहल कसली डोंबलाची!

पण मागून जे दिसतं ते पुढून दिसत नाही. पहिल्याच दिवशी तुमचं डावं चाक दोनदा डांबर सोडून खाली उतरलं. मला वाटलं, हात हलवण्याच्या नादात असतील. दुसऱ्या दिवशी एका पुलाच्या कठड्याला तुम्ही इतके घासून गेलात की मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. संध्याकाळी तुम्ही त्यालाच झापलंत, की स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. बिचाऱ्याने ते तीनदा खोललं. तिसऱ्यांदा जोडून झाल्यावर सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडून त्याने गाडी चालवली, मी शेजारी बसले होते. सुतासारखी सरळ गेली. तुम्हाला सांगायची त्याची छाती झाली नाही, आणि माझीही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं आपलं.

चौथ्या दिवसाचं तर तुम्हाला माहीतच नाही. डावीकडून एक मुलगी सायकलवरून चालली होती, कॅरिअरला पुस्तकं. तुम्ही तिला खेटून गेलात आणि ती सायकलसकट चरात पडली. तुम्ही थांबला नाहीत, कारण तुम्हाला ती दिसलीच नाही. मी थांबले. कोपर सोलवटलं होतं, बाकी देवाच्या दयेने काही नाही. तिचं कोपर पुसताना मी कॅनमधलं निम्मं पाणी माझ्याच पायावर ओतलं, तेव्हा तीच मला म्हणाली, काकू, तुम्ही बसा जरा. रात्री जेवताना तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, आजच्यासारखी गाडी आयुष्यात चालली नाही.

काल पेट्रोल पंपावर पोलिसाने गाडीचे कागद मागितले, तुम्ही टायरची हवा बघत होतात, म्हणून मी समोरचा कप्पा उघडला. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त, कडेचं दिसणं बरंचसं गेलेलं. आणि खाली, ‘वाहन चालवू नये’, दोन रेघा मारून. तारीख चार महिन्यांपूर्वीची! चष्म्याचा नंबर तपासून येतो म्हणून एकटेच गेला होतात ना, तेव्हाची. मग मला एकेक आठवायला लागलं. सोफ्यावरची जागा बदललीत, पंख्याचा वारा लागतो म्हणून. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचात. चहाचा कप टेबलाच्या कडेवरून खाली गेला तेव्हा मी ओरडले होते, डोळे कुठे ठेवलेत म्हणून. तुम्ही खाली बसून काचा वेचल्यात. ते आठवून पंपावरच्या बाथरूममध्ये मी तोंडात पदर कोंबून रडले. आणि बाहेर आल्यावर तुमचा इतका राग आला, इतका राग आला, की पान्याने डोकं फोडावं.

अहो, राग डोळ्यांचा नाही. डोळे काय, कुणाचेही जातात. मला सांगितलं का नाहीत? ही गाडी आणलीत तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. चार वर्षं मी बॅटरी धरून तुमच्या डोक्याशी उभी राहिले, दहाचा पाना दे, बाराचा दे. गाडीतलं एवढंसं बिघडलं तरी मला झोपेतून उठवून सांगणारा माणूस, स्वतःचं बिघडलेलं कप्प्यात कोंबून ठेवतो! ही शेवटची फेरी आहे हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून आलात. कळतं मला. पण ती चरातली मुलगीही कुणाची तरी लेक आहे.

आता ऐका. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालचा रोटर काढून घेतला. तो माझ्या पर्समध्ये आहे. त्याच्याशिवाय ठिणगी पडायची नाही आणि गाडी जागची हलायची नाही, हे मी तुम्हाला शिकवायला नको. हे पत्र स्टिअरिंगवर ठेवतेय, म्हणजे किल्ली फिरवत बसून मिस्त्रीच्या नावाने शंख करणार नाही. त्याला यातलं काही माहीत नाही. रोटर मी आणून बसवीन, पण घाटात गाडी मी चालवणार. चौतीस वर्षं मला त्या स्टिअरिंगला पुसण्यापुरताच हात लावू दिलात, आज पुरे झालं. व्हॅन मिस्त्री आणेल. तुम्ही माझ्या शेजारी बसा, गिअर कसा टाकायचा त्यावरून हवं तेवढं बोला, मी उलट बोलणार नाही. दरी डावीकडे आहे. जरा मान वळवलीत की दिसेल, मी तीसच्या वर जाणार नाही. तुमच्या सत्तरीला अजून सहा वर्षं आहेत, आणि ती सगळी मला हवी आहेत.

तुमचीच,
अगं