ओस्मोचे पाच दिवस

सोमवार, २७ एप्रिल
दुपारच्या बसने गिरणीत पोचले. कागदाच्या गोदामाची देखरेख माझ्याकडे, राहायला वरची खोली. माझा नवरा ओस्मो इथेच कामाला होता. शुक्रवारी रात्री घरी यायचा, सोमवारी पहाटे परत. फेब्रुवारीत तो वारला. ही नोकरी गिरणीच्या खानावळीतल्या साइमीने मिळवून दिली. तिने वेलदोड्याचे पाव आणून ठेवले होते. खोलीत ऊन येतं. बरं वाटलं.

मंगळवार, २८ एप्रिल
गोदामात एक धोबी पक्षी अडकलाय. छताच्या काचांवर आपटतो, दमला की तुळईवर शेपटी हलवत बसतो. खोलीच्या दाराशी बशीत पाणी आणि किडे ठेवले. म्हातारा पहारेकरी टाउनो म्हणाला, जायला तयार नसलेलं माणूस असं परत येतं. साइमी हसली. "मग तुझाच नवरा असणार गं! बघ की, पाय न पुसता आत शिरलाय." फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच मी हसले.

गुरुवार, ३० एप्रिल
आज त्याला सोडवायचं ठरवलं. दिवे मालवले, छताच्या काचांवर ताडपत्री ओढली, फक्त मोठं फाटक उघडं ठेवलं. तो उजेडाकडे झेपावला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि वळून साइमीच्या खांद्यावर बसला. कोणालाच नवल वाटलं नाही. टाउनो जमिनीकडे बघत पुटपुटला, "सवयच त्याची."
संध्याकाळी साइमीला विचारलं. ती भांडी घासत राहिली. "शनिवार-रविवार तुझे होते, आउने. बाकीचे माझे."
साऱ्या गिरणीला ठाऊक होतं.

शनिवार, २ मे
काल सुट्टी, बस नव्हती. आज बॅग घेऊन खाली आले तर फाटकाला बाहेरून कुलूप. फटीतून साइमी बोलली. शनिवार-रविवार तो अन्नाला शिवत नाही, कुणाला तरी शोधत काचांवर डोकं आपटतो, असाच मरेल. म्हणून मला बोलावलं. "दोनच दिवस गं. सोमवारी उघडते ना."
टाउनोही तिथेच होता. खोकला ओळखला मी.
दुपारी पक्षी खोलीत आला. बशीतलं सगळं खाल्लं. मग पलंगावर बसला, भिंतीकडच्या बाजूला. ओस्मो तिथेच झोपायचा, घरी. मूठभर पक्षी — गादी खचली.

रविवार, ३ मे
खिडकी उघडून दिली. जात नाही. गादी अजून खाली — श्वास ऐकू येतो, माणसाचा —
फाटक बडवलं. कोणी नाही.
तो हाक मारतो. आवाज ओस्मोचाच. पण नाव माझं नाही. साइमी, साइमी —
मागे बघत नाही. कॉफी उकळली. कप एकच काढला. ओतून लिहायला बसले, आणि मागे गादी वर आली — तो उठलाय