चाळणी परत हवी आहे

महदिया, सोमवार

माझी धाकटी जाऊ मब्रूका हिला शदलियाचा सलाम, पोरांना दुवा. तुझं पित्त, तुझ्या कोंबड्या आणि माझे दीर, तिन्ही शांत असतील अशी आशा करते.

माझा खांदा आखडला, हात छातीच्या वर जाईना, आणि तू (काळजीपोटीच, मी दुसरं काही म्हटलेलं नाही) सासूबाईंची चाळणी उचलून आपल्या घरी नेलीस, त्याला दोन महिने झाले. रव्याचे दाणे वळून वर्षाचं कुसकुस करायला बायका अंगणात बसल्या की पहिली चाळणी थोरल्या सुनेनं धरायची, ही आपल्या घरची रीत. ती मोडायची नाही म्हणून मी फिजिओथेरपीला गेले.

मला वाटलं होतं, मोठं यंत्र असेल, वायरी असतील, निदान कुणी ऑलिव्हचं तेल लावून तासभर रगडेल. तर समोर एम्ना नावाची शिडशिडीत पोरगी. तिनं टेबलावर फडकं ठेवलं आणि म्हणाली, "खाला, यावर तळवा ठेवून गोल गोल फिरवा." एवढ्या उन्हात बस पकडून मी टेबल पुसायला गेले होते का? घरी आल्यावर मी तो व्यायाम एकदाही केला नाही. (तिला सांगितलं, रोज करते.)

त्यात दर खेपेला विचारायची, दुखणं कसं आहे. मी म्हणायची, अल्हम्दुलिल्लाह. दुसरं काय म्हणणार? देवाची तक्रार पोरीकडे करायची? ती बिचारी लिहून घ्यायची, बरं आहे. तीन आठवड्यांनी हात तिथल्या तिथेच बघून तिनं पेन खाली ठेवलं. "खाला, देवाचे आभार जरूर माना, पण मला शून्य ते दहामधला आकडा द्या."

"नऊ," मी म्हटलं.

"आणि आधी किती होतं?"

"आधीही नऊच. पण अल्हम्दुलिल्लाह."

ती कपाळाला हात लावून बसली. मग विचारलं, हा हात तुम्हाला नेमका कशासाठी हवाय? हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी चाळणीचं सगळं सांगितलं, तुझ्यासकट. पुढच्या खेपेला तिनं फडक्याऐवजी घरून लाकडी परात आणि रवा आणला. फेऱ्या त्याच, पण हाताखाली दाणे वळू लागले तेव्हा मला रडूच आलं. ते दिसू नये म्हणून मी म्हटलं, रवा फार जाडा आणलास.

आता घरी रोज वळते. हात कानापर्यंत जातो. शुक्रवारी येतेय, चाळणी धुऊन ठेव.

तुझी थोरली जाऊ,
शदलिया

ता.क. एम्नानं कागद दिला होता, उपचारानं समाधान झालं का? मी लिहिलं, मुळीच नाही. झालं म्हटलं तर बरी समजून माझं येणं बंद करेल. तुझ्याकडे चौकशी झालीच तर तूही तोंड वाकडं कर.

आणखी एक. अर्धी परात होईपर्यंत हात टिकतो, पुढे थरथरतो. तेव्हा शुक्रवारी माझ्याशेजारी बस आणि चाळणीची दुसरी कड तू धर. बायकांनी विचारलं तर सांगू, तुला शिकवतेय.