मायच्या बांगड्या

भेस्तान, सुरत

प्रिय कुंदन,

फोन असताना आक्काचं पत्र कशाला, असं तुला वाटेल. वाटू दे. बाबांची तब्येत बरी आहे. पलसाण्याच्या डाइंग मिलमधलं कापड रंगवायचं काम सुटलं, नखांतला रंग काही सुटला नाही. अजून सकाळी देवळात जातात, पण मायच्या बायबलला कुणी हात लावला तर खेकसतात.

घरात प्रभूचं नाव मायनंच आणलं. तुला टायफॉइड झाला होता, तेव्हा शेजारच्या भागीरथीबाई उशाशी बसून प्रार्थना करायच्या. तू उठलास आणि माय तुला हाताला धरून त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत, दर रविवारच्या प्रार्थनेला नेऊ लागली. त्याच मंडळीचा तू पाळक झालास, त्या दिवशी तिनं अख्ख्या चाळीला पेढे वाटले.

पाळक झालास आणि तुला नियम सुचायला लागले. टिकली नको, गजरा नको, नातलगांच्या हळदीला जायला नको, शेवटी बांगड्याही नकोत. बांगड्या घालू नका असं देव कुठे म्हणाला, हे मी विचारलं, तर तू नुसता हसलास. मायला वाद घालता यायचा नाही. ती आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "मना धनी जित्ता शे, मी बांगड्या काब्र काढू?" नवरा जिवंत असताना बांगड्या कशाला उतरवायच्या?

पुढच्याच रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट हातोहात येत होतं. मायनं हात पुढे केला, आणि तू स्वतः उठून ताट तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिलंस. सगळ्यांदेखत. वर जाहीर केलंस, ही बांगड्या उतरवत नाही तोवर हिच्या घरी कुणी जायचं नाही, सुखात नाही आणि दुःखातही नाही. आईबापाचा मान राखायची आज्ञा देवानं दगडावर कोरून दिली. तुझा नियम मंडळीच्या दाराशी पुठ्ठ्यावर रंगवलेला होता. जिंकला पुठ्ठा! मंडळीनं तुला कामरेजला घर दिलं, तू गेलास, पुन्हा आमचा उंबरा चढला नाहीस. दर नाताळला माय तुझ्या करंज्या वेगळ्या काढायची आणि खवट होईपर्यंत कुणाला देऊ द्यायची नाही.

माय गेली, कुंदन. मागच्या मंगळवारी, दवाखान्यात. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. बाबा सारखे म्हणत होते, कुंदनला बोलाव. मी म्हटलं, फोन लागत नाही. मी तो लावलाच नव्हता. दुःखातही यायचं नाही, हे तुझंच फर्मान, मग तुला मोडायला कशाला लावू? दुसऱ्या मंडळीच्या म्हाताऱ्या पाळकांनी प्रार्थना केली. बांगड्या हातात तशाच ठेवून तिला पुरलं. पहिली मूठ माती तुझी होती, ती मी टाकली. मायनं तुला केव्हाच माफ केलं होतं. मी केलेलं नाही. क्षमा करायची आज्ञाही देवाचीच आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. ती मोडल्याचा जाब मी त्याला देईन. तू मायच्या मातीला नव्हतास, याचा जाब कुणाला द्यायचा ते तू बघ.

तुझीच सख्खी थोरली बहीण,
रंजना