दोनशे सातचं लॅच

१९ नोव्हेंबर
आज पुन्हा बोलणी खाल्ली! सकाळच्या मीटिंगला मॅनेजर सर मोठ्या स्क्रीनवर ॲप लावतात. झालेली कामं हिरवी, राहिलेली लाल. "संयोगिता, हाउसकीपिंग तुझ्याकडे, आणि एवढं लाल का?" लग्नसराईत अख्ख्या इस्लामपूरचे पाहुणे आमच्याच हॉटेलात उतरतायत, त्याला मी काय करू?

त्यात निम्म्या तक्रारी दुरुस्तीच्या, म्हणजे आमच्या मिस्त्री हरिबाकडच्या. मोबाइलचं नाव काढलं की हा गडी चार पावलं मागं! म्हणून त्याचं लॉगिन माझ्याच फोनवर. तो येऊन सांगतो, "ताई, झालं बगा," की त्याच्या नावानं मी हिरवं करते.

२१ नोव्हेंबर
दोनशे सातच्या बाथरूमचं लॅच आतून अडकतंय. हरिबा म्हणाला, "नवीनच बसवाय लागतंय. उद्या सांगलीस्नं आणतो." उद्या! म्हणजे सकाळी पुन्हा लाल. आजच हिरवं करून टाकलं. एका दिवसाचा तर प्रश्न.

२२ नोव्हेंबर
काय लिहू?

रंगूबाई दोनशे सातची सफाई करत होत्या. ॲपवर लॅच दुरुस्त दिसत होतं, म्हणून दारामागच्या फरशा घासायला बाथरूमचं दार बिनघोर लोटलं, आणि लॅच अडकलं. फोन बाहेर ट्रॉलीवर.

आणि मी? त्या दिसेनात म्हणून चिडले! न सांगता घरी गेल्या असं समजून सगळ्यांसमोर तोंडसुख घेतलं. बाई तिकडं दार बडवतायत. शेवटी बादली पालथी घालून वरच्या खिडकीशी चढल्या आणि पडल्या. हरिबा नवं लॅच घेऊन आला, तेव्हा त्याला आतलं कण्हणं ऐकू आलं. त्यानंच दार तोडलं.

उजवं मनगट मोडलंय. फरशी पुसायचा हात तो.

२३ नोव्हेंबर
सरांनी स्क्रीनवर दाखवलं. दोनशे सात, लॅच दुरुस्त. नाव हरिबाचं. "काम न करता हिरवं करतोस?"

हरिबानं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली. मी तिथंच उभी! जीभ काय झडली होती माझी? त्याला कामावरनं काढलं.

२४ नोव्हेंबर
हरिबाचं लॉगिन अजून माझ्याच फोनवर आहे, काढवत नाही.

२६ नोव्हेंबर
दवाखान्यात जाऊन आले. रंगूबाई म्हणाल्या, "हरिबानं असं कराय नको व्हतं गं. लय भरवसा हुता माजा त्याच्यावर." तिथं तरी बोलायचं ना, संयोगिता! मोसंबी सोलून दिली आणि आले.

बाहेर आल्यावर हरिबाला फोन लावला. तो जतला गावी पोचलाय. "तू गप्प का बसलास रे?" तो म्हणाला, "तुमी बोलाल असं वाटलं, ताई. म्हणून थांबलो व्हतो."

भर रस्त्यात रडले. लोक बघत होते, बघू देत.

२७ नोव्हेंबर
उद्या सांगणार. नोकरी गेली तर गेली. हरिबाला परत बोलवा म्हणणार.

२८ नोव्हेंबर
सांगितलं. सगळं.

सरांनी मानसुद्धा वर केली नाही. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. हरिबाला कुठं येतंय ॲप? पण कुणाला तरी काढावं लागणार होतं, आणि लग्नसराईत तुझ्याशिवाय हे चालवणार कोण? जा, वऱ्हाड आलंय खाली."

मी गेले. खोल्या वाटून दिल्या.