पहिली जानेवारी ऐंशी

दि. १४ मार्च, गुरुवार
(तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून टाकली आहे. का, ते पुढे कळेल.)

ती. दादास,

नमस्कार. वहिनीलाही सांग. छोटीचा पुढचा दात पडला म्हणे, तिला म्हणावं काका आला की उरलेले मोजेल. मी बरा आहे. खोली बदलली. नव्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. वर्कशॉपमध्ये आता माझं स्वतःचं टेबल आहे.

तू पाठवलेलं खोकं पोचलं. वर तू मार्करने लिहिलंयस, "बंद पडलाय. भंगार." अण्णांना जाऊन आठ महिने नाही झाले आणि त्यांचा कॉम्प्युटर तुला अडगळ झाला. कारखान्याने टाकून दिला तेव्हा अण्णांनी तो डोक्यावरून घरी आणला होता, आठवतं? आई म्हणाली होती, सवत आणलीत.

मी तो उघडला. आतली घड्याळाची बॅटरी पाझरून तिची हिरवी बुरशी बोर्डभर पसरली होती. आमचे मिस्त्री चष्मा वर करून वाकले आणि म्हणाले, "घड्याळ मेलंय रे, मशीन नाही." मग काय, मी बसलो. जुनी बॅटरी कापून काढली, व्हिनेगरने बुरशी पुसली, मग स्पिरिटने. तांब्याची एक रेघ खाल्ली गेली होती, तिच्यावर केसाएवढी तार ठेवून कथलाचा डाग दिला. सातवी नापास माणसाला एवढं येतं, दादा. तू मला ढ म्हणायचास.

नवा सेल बसवायच्या आधी एकदा चालू करून बघितला. चालला. आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल? तारीख. बॅटरी नसली की त्याला वाटतं आज पहिली जानेवारी ऐंशी आहे. खरी तारीख भरली तर ती घेतो. नुसतं एंटर दाबलं तर ऐंशीच धरून बसतो.

आता आठव. अण्णा रोज सकाळी कॅलेंडरापुढे उभे राहून तारीख मोठ्याने वाचायचे आणि मग एकेका बोटाने भरायचे. आपण दोघं हसायचो. तीस वर्षं लोकांची हजेरी घेतलेला टाइमकीपर, तो तारीख चुकवणार? आणि तू कधी बसलास की फाडकन एंटर. अण्णा ओरडायचे, तू म्हणायचास, काय फरक पडतो.

फरक पडला.

जेवणाच्या सुट्टीत मी खोक्यातल्या त्यांच्या फ्लॉप्या बघितल्या. रोजची एक नोंद. औषध घेतलं, पाणी आलं, गुडघा दुखतो. इंग्रजी अक्षरांत मराठी, प्रत्येकीवर खरी तारीख, एक दिवस चुकलेला नाही. फक्त एका फाइलवर पहिली जानेवारी ऐंशी. त्या दिवशी हे मशीन बनलंसुद्धा नव्हतं.

ती फाइल म्हणजे मला आलेलं पत्र आहे.

तुला माहीत आहे कुठलं. अण्णांशी भांडून घर सोडल्यावर चार वर्षांनी मी रजा टाकली होती, अण्णा आजारी आहेत म्हणून येतो असं तुला कळवलं होतं. आठवड्यात छापील कागद आला. "येऊ नकोस. तुझं तोंड बघायचं नाही. अण्णा." हात थरथरतात म्हणून छापून पाठवलं असेल, असं मला वाटलं. हाताचं अक्षर असतं तर ओळखलं असतं.

का केलंस रे? डॉक्टरांनी त्यांना शांत ठेवा सांगितलं होतं, मी आलो असतो तर वाद झाला असता, हे तू सांगणार. वहिनी फोनवर तेवढंच म्हणाली होती, नको येऊस, त्यांना त्रास होईल. मग तसं तुझ्या नावाने लिहायचं. माझ्याशी भांडायचं. बापाच्या तोंडी असले शब्द घालायचे तुला कोणी सांगितलं?

त्यानंतरच्या नोंदीही वाचल्या. "धाकटा येणार होता, आला नाही." दोन दिवसांनी, "थोरला म्हणतो त्याला रजा नाही." आणि शेवटची, तारखेसकट: "आज बहुतेक येईल. कडी घालू नका म्हणून सांगितलंय." म्हणजे तू दोन्हीकडे खोटं बोललास. त्यांच्याकडे तोंडी, माझ्याकडे छापून.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मिस्त्रींनी माझ्या हातातली सोल्डरिंग गन काढून घेतली.

एक गोष्ट मात्र लिहितो, नाहीतर मीही तुझ्यातलाच. ते पत्र वाचून मला बरं वाटलं होतं. हे टेबल तेव्हाच मिळणार होतं आणि अण्णांसमोर मान खाली घालून उभं राहायचं मला जिवावर आलं होतं. अण्णांना एक फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं. केला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि रजेचा अर्ज परत घेतला. तू एंटर दाबलंस, मीही दाबलं. म्हणून तुझ्यावर जास्तच संतापलोय, आणि तो संताप कमी होत नाही.

नवा सेल बसवलाय. मध्ये डायोड घातलाय, म्हणजे करंट उलटा जाऊन तो फुटणार नाही. घड्याळ चालतंय. काल दोनदा मशीन बंद करून बघितलं, तारीख बरोबर होती.

तीस तारखेला येतोय, मशीन घेऊन. ते अण्णांच्या टेबलावरच बसेल, तिथे तू काय ठेवलं असशील ते उचल. आता ते तारीख विचारत नाही. मी विचारणार आहे, कुठल्या दिवशी बसून लिहिलंस ते. वहिनीला बाहेर पाठवू नकोस, तिच्यासमोर सांग. आणि त्या दिवशी दाराला कडी घालू नकोस.

तुझा धाकटा
(हाताने लिहिलंय. अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.)